हुगळीत उगवलं, हुगळीतच मावळलं : बंगालमधल्या डाव्यांची ३४ वर्षं

१३ मे २०११ रोजी पश्चिम बंगाल विधानसभेचे निकाल लागले आणि २१ जून १९७७ पासून सलग सत्तेत असलेली डावी आघाडी २९४ पैकी ६२ जागांवर येऊन थांबली. मुख्यमंत्री बुद्धदेव भट्टाचार्य स्वतःच्या जादवपूर मतदारसंघात हरले. त्यांना हरवणारे मनीष गुप्ता एके काळी डाव्यांच्याच राजवटीत राज्याचे मुख्य सचिव होते. पाच वर्षांपूर्वी याच आघाडीला २३५ जागा मिळाल्या होत्या.

२३५ वरून ६२ म्हटलं की वाटतं, लोकांनी रातोरात पाठ फिरवली. आता मतं मोजून पाहू. २००६ मध्ये डाव्या आघाडीला साधारण १ कोटी ९८ लाख मतं पडली होती, २०११ मध्ये साधारण १ कोटी ९५ लाख. म्हणजे मतं जवळपास तेवढीच राहिली. मधल्या पाच वर्षांत एकूण मतदान मात्र सुमारे ८० लाखांनी वाढलं आणि ही सगळी वाढ डाव्यांना सोडून इतरांच्या पारड्यात गेली. याचा अर्थ जुना प्रत्येक मतदार जागेवर राहिला असा नाही. काही गेले, काही नवे आले. पण हिशेबाची गोळाबेरीज अशी की पक्ष वाढायचा थांबला आणि राज्य वाढत राहिलं.

आधी गणित, मग कारणं. गणित नीट कळलं नाही तर कारणं भलतीच वाटू लागतात.

नऊ टक्के गेले, पावणेदोनशे जागा गेल्या

आपल्याकडे ज्याला सगळ्यात जास्त मतं तो निवडून येतो, मग त्याला निम्मी मतं मिळोत वा न मिळोत. त्यामुळे समोरचे किती तुकड्यांत विभागले आहेत यावर बरंच ठरतं. बंगालमध्ये डाव्या आघाडीची मतं बहुतेक निवडणुकांत ४५ ते ५३ टक्क्यांच्या पट्ट्यात राहिली. १९७७ मध्ये तर जेमतेम ४६ टक्क्यांवर २३१ जागा आल्या. तेव्हा काँग्रेस एका बाजूला होती आणि जनता पक्ष दुसऱ्या. डावे आणि जनता पक्ष यांची जागावाटपाची बोलणी फिसकटली होती. वरकरणी ते डाव्यांचं नुकसान वाटलं, पण तिरंगी लढत झाली आणि सगळा फायदा त्यांनाच झाला.

आता १०० मतांचा एक नमुन्याचा मतदारसंघ घेऊ. २००६ ची राज्याची टक्केवारी त्यात घातली तर डावे ५०, तृणमूल आणि भाजप मिळून २८-२९, काँग्रेस १५. डावे वीसेक मतांनी पुढे. २०११ ची घातली तर डावे ४१, तृणमूल आणि काँग्रेस मिळून ४८, भाजप ४. डाव्यांची नऊ मतं कमी झाली, पण वीसची आघाडी जाऊन सातची पिछाडी आली. हेच थोड्याफार फरकाने मतदारसंघामागून मतदारसंघात झालं.

त्या निकालातली एक जोडी लक्षात ठेवण्यासारखी आहे. डाव्या आघाडीतला सगळ्यात मोठा पक्ष माकप. त्याला एकट्याला ३० टक्के मतं मिळाली आणि जागा ४०. काँग्रेसला ९ टक्के मतं आणि जागा ४२. काँग्रेस थोड्याच जागा लढली आणि तिथे तृणमूलची मतं तिच्या पाठीशी होती. माकपची मतं राज्यभर पसरलेली होती आणि बहुतेक ठिकाणी दुसऱ्या क्रमांकावर वाया गेली. (२००६ आणि २०११ चे मतदारसंघ एकास एक लावून पाहू नयेत. मध्ये पुनर्रचना झाली आणि अनेकांच्या हद्दी बदलल्या.)

मग विरोधक एकत्र आले एवढंच कारण का? नाही. २००१ मध्येही तृणमूल आणि काँग्रेस एकत्र लढले होते आणि डाव्यांनी तरीही १९९ जागा घेतल्या. तेव्हा डाव्यांची मतं ४९ टक्क्यांच्या आसपास होती, जोडीची ३९ च्या. म्हणजे युती लागतेच, पण सत्ताधाऱ्याच्या मतांना गळती लागल्याशिवाय ती पुरत नाही. २००६ नंतर ती गळती लागली, आणि ज्या गावांनी डाव्यांना तीन दशकं उभं केलं तिथूनच लागली. ते समजायला १९७८ मध्ये जावं लागतं.

हालुसाईचं शिबिर

बंगालमध्ये दुसऱ्याची जमीन वाट्याने कसणाऱ्याला बर्गादार म्हणतात. आपल्याकडचा बटाईदार किंवा अर्धेलीने कसणारा म्हणजे जवळपास तोच. कायदा त्याच्या बाजूने बऱ्याच आधीपासून होता. पश्चिम बंगाल भूमी सुधारणा कायदा १९५५ चा. पण हक्क मिळवायचा तर सरकारी दप्तरात नाव हवं, आणि नाव लावायला गेला की जमीनमालक दुसऱ्या दिवशी शेतातून काढायचा. त्यामुळे लाखो बर्गादार कागदावर नव्हतेच.

मे १९७८ मध्ये हुगळी जिल्ह्यातल्या पोलबा भागात, हालुसाई गावी महसूल खात्याने एक शिबिर घेतलं. अधिकारी आणि भूमिहीन, बर्गादार समोरासमोर बसले. नोंदी का होत नाहीत, हे अधिकाऱ्यांनी त्यांनाच विचारलं. उत्तरं अगदी साधी होती. तुमचा माणूस दिवसा येतो, तेव्हा आम्ही शेतात असतो. तो उतरतो जमीनमालकाच्या घरी. चौकशीला मालक खुर्चीवर बसतो आणि आम्ही जमिनीवर. त्याच्यासमोर आम्ही तोंड कसं उघडणार?

यातून 'ऑपरेशन बर्गा'ची पद्धत ठरली. ती पायरीपायरीने पाहण्यासारखी आहे, कारण सरकारी योजना कुठे अडकते आणि कशी सुटते हे त्यात दिसतं. आधी बर्गादार दाट असलेले पट्टे निवडायचे. मग महसूल कर्मचाऱ्यांचं पथक गावात जाऊन राहायचं, मालकाच्या वाड्यावर नव्हे तर वस्तीजवळ. सभा संध्याकाळी, माणसं शेतातून परतल्यावर. सभेत कोण कुणाची जमीन कसतो हे सगळ्यांसमोर विचारायचं. एकट्याला घाबरवता येतं, पन्नास जणांना एकदम नाही. दुसऱ्या दिवशी शेतावर जाऊन बांधावर खात्री करायची. यादी गावात सगळ्यांना दिसेल अशी लावायची, हरकती ऐकायच्या आणि तिथल्या तिथे दाखला हातात द्यायचा. कायद्याच्या १९७७ च्या दुरुस्तीने पुराव्याचं ओझंही उलटं केलं होतं. हा माणूस माझा बर्गादार नाही, हे आता मालकाला सिद्ध करावं लागायचं.

१४ लाखांहून अधिक बर्गादारांची नावं दप्तरात चढली. बियाणं, खत, बैल बर्गादाराचे असतील तर पिकाचे चारपैकी तीन वाटे त्याचे, ही तरतूद आता मागता येऊ लागली. हक्क मुलाकडे जाऊ लागला. याशिवाय कमाल मर्यादेपेक्षा जास्त म्हणून सरकारकडे आलेली १० लाख एकरांहून अधिक जमीन छोट्या छोट्या तुकड्यांनी वाटली गेली. २५ लाखांहून अधिक कुटुंबांना ती मिळाली.

मराठी वाचकाने इथे एक फरक ध्यानात घ्यावा. आपल्या कूळ कायद्यात १ एप्रिल १९५७ ला, म्हणजे कृषक दिनाला, कूळ जमिनीचा मालक मानला गेला. किंमत हप्त्यांनी भरायची आणि सातबारावर मालक म्हणून नाव लागायचं. बंगालमध्ये बर्गादार मालक झाला नाही. त्याला हटवता येणार नाही एवढी हमी मिळाली. मालकी जमीनमालकाकडेच राहिली. हा फरक तेव्हा बारीक वाटला असेल, तीस वर्षांनी तोच फार जड पडला.

गावाचा कारभार पक्षाच्या हाती

त्याच वर्षी, जून १९७८ मध्ये, पंचायतीच्या निवडणुका झाल्या. ग्रामपंचायत, पंचायत समिती आणि जिल्हा परिषद, तिन्ही पातळ्यांवर थेट निवडणूक आणि तीही पक्षाच्या चिन्हावर. पुढे दर पाच वर्षांनी त्या होत राहिल्या. देशभर अशा पंचायती बंधनकारक करणारी ७३ वी घटनादुरुस्ती १९९३ मध्ये लागू झाली, बंगालने हे पंधरा वर्षं आधी करून दाखवलं. कामाच्या बदल्यात धान्य, रस्ता, नळकूप (कूपनलिका), बियाण्यांच्या पिशव्या, पूर आला की मदत, हे सगळं पंचायतीमार्फत येऊ लागलं. १९८० च्या दशकात बंगालची भातशेती जोमाने वाढली. पाण्यावरचं उन्हाळी भात, बोरो, घराघरांत आलं. डाव्यांना मिळालेली मतं भीतीपोटीची नव्हती, असं आमचं स्पष्ट मत आहे. पहिली पंधरा वर्षं तरी ती कामाची पावती होती.

पण पंचायत निर्णय कुठे घ्यायची? माकपची रचना अशी होती: खाली शाखा, वर लोकल कमिटी, तिच्यावर झोनल कमिटी, मग जिल्हा कमिटी आणि राज्य कमिटी. पंचायतीत काय मांडायचं ते आदल्या दिवशी लोकल कमिटीत ठरायचं. घरकुल कुणाला, कोणत्या वस्तीला आधी नळकूप, दोन भावांच्या वाटणीचा तंटा, नवरा-बायकोचं भांडण, शेतमजुरीचा दर, सगळं तिथे. गावकीच्या निवाड्याला बंगालीत शालिशी म्हणतात. ती शालिशी पक्षाच्या कचेरीत होऊ लागली. अभ्यासक या व्यवस्थेला 'पार्टी-समाज' म्हणतात. दुसरीकडे जे काम जात, देऊळ, जमीनदार किंवा सहकारी संस्था करतात, ते इथे पक्ष करायचा.

आपल्याकडचं उदाहरण घ्यायचं तर महाराष्ट्रात काँग्रेसची पकड साखर कारखाना, जिल्हा बँक, दूध संघ, शिक्षण संस्था यांतून होती. तिथे चेअरमन वेगळा, आमदार वेगळा, आणि दोघांत चुरस. एकाने दार लावलं तर दुसऱ्याकडे जाता यायचं. बंगालच्या गावात दार एकच होतं. जोवर दारात बसलेला माणूस आपला होता तोवर ही फार मोठी सोय होती.

तो माणूस हळूहळू बदलला. पंचायतीत आणि लोकल कमिट्यांत प्राथमिक शिक्षकांचं वजन वाढत गेलं. शिकलेला, हिशेब येणारा, सरकारी पगार असलेला आणि सवड असलेला, म्हणून ते स्वाभाविक होतं. पण बर्गादार, शेतमजूर मागच्या रांगेत गेला. शाळा, महाविद्यालयं, विद्यापीठं यांतल्या नेमणुकांवर पक्षाची छाप इतकी बसली की बंगालीत तिला 'अनिलायन' असा शब्दच रूढ झाला. तो शब्द पक्षाचे राज्य सचिव अनिल बिस्वास यांच्या नावावरून आला. ते मार्च २००६ मध्ये वारले आणि निवडणूक यंत्र बारकाईने हलवणारा माणूस पक्षाने नेमका वाईट वेळी गमावला. तोवर पक्षाचे तीन लाखांहून अधिक सदस्य झाले होते आणि त्यातले बहुतेक सत्ता आल्यानंतर आत आलेले होते. आधीच्या पिढीने तुरुंग, भूमिगत दिवस, धान्याची आंदोलनं पाहिली होती. नंतरच्यांनी पक्ष पाहिला तो कचेरीच्या रूपात.

रेशनचं प्रकरण यातलं नमुनेदार आहे. सप्टेंबर-ऑक्टोबर २००७ मध्ये बांकुडा, वर्धमान, बीरभूम या जिल्ह्यांत लोकांनी रेशन दुकानदारांच्या घरांवर मोर्चे नेले, जाळपोळ झाली. केंद्राकडून येणारा गहू कमी झाला होता हे खरं. पण लोकांचा राग होता तो आलेला माल काळ्या बाजारात जातो आणि पक्ष दुकानदाराला पाठीशी घालतो यावर. एकच दार असलं की प्रत्येक तक्रार त्याच दारावर येऊन आदळते. दुकानदार चोर, तर पक्ष चोर. शिक्षकाची बदली अडली, तरी पक्षानेच अडवली. इतर राज्यांत हा राग वाटला जातो, बंगालमध्ये तो एकाच जागी साठत गेला.

सिंगूर : ९९७ एकर आणि जुनं दप्तर

१९९० च्या दशकाच्या मध्यानंतर शेतीची वाढ मंदावली. जमिनीचे तुकडे लहान होत गेले आणि बर्गादाराच्या शिकलेल्या मुलाला आता वाटा नको होता, नोकरी हवी होती. कारखाने हवेत, हे डाव्यांचं निदान चूक नव्हतं. २००६ ची निवडणूक त्यांनी उद्योगांचं आश्वासन देऊनच जिंकली. १८ मे २००६ रोजी, नवं सरकार शपथ घेतं न घेतं तोच, टाटांच्या छोट्या मोटारीचा कारखाना हुगळी जिल्ह्यातल्या सिंगूरला येणार असं जाहीर झालं. दुर्गापूर एक्सप्रेसवेच्या कडेची ९९७ एकर जमीन. भात, बटाटा, भाजीपाला पिकवणारी.

अडचण कुठे आली, ते कायद्याच्या पायऱ्यांवरून कळतं. जमीन घेतली गेली १८९४ च्या भूसंपादन कायद्याखाली. कलम ४ ची अधिसूचना निघते: ही जमीन सार्वजनिक प्रयोजनासाठी लागण्याचा संभव आहे. कलम ५-अ खाली लोकांनी हरकती घ्यायच्या आणि जिल्हाधिकाऱ्याने त्या ऐकायच्या. कलम ६ ने घोषणा, कलम ११ ने मोबदल्याचा निवाडा, कलम १६ ने ताबा. या सगळ्यात मालकाची संमती कुठेच लागत नाही. हरकत ऐकली एवढी नोंद झाली की पुरे. आणि मोबदला कुणाला? दप्तरात ज्याचं नाव त्याला.

दप्तर मात्र जुनं होतं. बंगालमध्ये एक पीक देणाऱ्या सखल जमिनीला 'शाली' म्हणतात आणि तिचा दर कमी लागतो. बऱ्याच जमिनींवर नळकूप येऊन वर्षाला दोन-तीन पिकं निघू लागली होती, तरी कागदावर त्या शालीच होत्या. नोंद असलेल्या बर्गादाराला जमिनीच्या मोबदल्याच्या २५ टक्के देऊ केले गेले, कारण तो कसणारा होता, मालक नव्हता. ज्याची नोंदच नव्हती त्याच्या हाती दाखवायला कागद नव्हता. शेतमजुराचं तर या हिशेबात नावच नाही. काही मालक कोलकात्यात राहणारे, नोकरदार. त्यांनी धनादेश घेतले. शेतावर राबणारा तिथेच राहिला, शेत गेलं.

म्हणजे १९७८ मध्ये ज्या जिल्ह्यात सरकार संध्याकाळच्या सभा घेऊन दप्तरात नावं चढवत होतं, त्याच जिल्ह्यात तेच दप्तर पुढे करून त्याच वर्गाला हटवलं गेलं. हालुसाई आणि सिंगूर दोन्ही हुगळीतली. १९७८ च्या पायऱ्यांतली एक जरी, संध्याकाळची सभा किंवा बांधावरची खात्री, २००६ मध्ये वापरली असती तर कोण किती पिकवतो आणि कोण उघडं पडतं हे आधीच कळलं असतं. ती पद्धत याच पक्षाच्या सरकारने घडवली होती. म्हणूनच तिचं विस्मरण मनाला लागतं.

तृणमूलच्या नेत्या ममता बॅनर्जी यांनी डिसेंबर २००६ मध्ये कोलकात्यात जवळपास चार आठवडे उपोषण केलं. ज्यांनी धनादेश घेतले नाहीत त्यांची ४०० एकर परत द्या, ही मागणी. ऑगस्ट २००८ मध्ये एक्सप्रेसवेवर ठिय्या बसला. राज्यपाल गोपाळकृष्ण गांधी यांनी दोन्ही बाजूंना एका टेबलावर आणलं, पण तोडगा टिकला नाही. ३ ऑक्टोबर २००८ ला टाटांनी माघार जाहीर केली आणि कारखाना गुजरातेत साणंदला गेला. सरकारच्या हाती कारखानाही राहिला नाही आणि शेतकरीही.

तोच काळ आपल्याकडे रायगडात महामुंबई सेझचा (विशेष आर्थिक क्षेत्राचा) होता, आणि भूसंपादनाचा कायदाही तोच. पेण तालुक्यातल्या २२ गावांत सप्टेंबर २००८ मध्ये सरकारने शेतकऱ्यांचा कौल घेतला, गोळी न झाडता. नंदीग्राममध्ये तसं झालं नाही.

नंदीग्राम

पूर्व मेदिनीपूरमधल्या नंदीग्रामला रसायन उद्योगांसाठी मोठा पट्टा घ्यायचं ठरत होतं. जानेवारी २००७ च्या सुरुवातीला हल्दिया विकास प्राधिकरणाच्या नोटिशीची बातमी पसरली आणि गावकऱ्यांनी रस्ते खणले, पूल तोडले. नंदीग्राम हा डाव्यांच्याच मतदारांचा भाग होता. जमीन वाचवण्यासाठी उभ्या राहिलेल्या भूमी उच्छेद प्रतिरोध समितीत काल-परवापर्यंत लाल झेंडा घेणारी माणसं होती, मुस्लिम शेतकरी मोठ्या संख्येने होते. १४ मार्च २००७ ला पोलीस आत घुसले, गोळीबार झाला आणि १४ जण मेले.

नोव्हेंबरमध्ये पक्षाच्या सशस्त्र कार्यकर्त्यांनी तो भाग पुन्हा 'ताब्यात' घेतला, आणि विरोधकांना जशास तसं मिळालं, अशा अर्थाचं विधान खुद्द मुख्यमंत्र्यांनी केलं. आमच्या मते गोळीबाराइतकंच नुकसान या एका वाक्याने केलं. मुख्यमंत्री सगळ्या राज्याचा असतो. त्या दिवशी तो एका लोकल कमिटीचा सचिव वाटला. १४ नोव्हेंबरला कोलकात्यात लेखक, चित्रकार, नाट्यकर्मी आणि हजारो सामान्य माणसं कोणत्याही झेंड्याशिवाय रस्त्यावर उतरली. यातले कित्येक जण जन्मभर डावे होते. आरएसपी, फॉरवर्ड ब्लॉक या मित्रपक्षांचे मंत्री उघड बोलू लागले.

त्याआधी वर्षभर, नोव्हेंबर २००६ च्या अखेरीस, देशातल्या मुस्लिमांच्या स्थितीवरचा सच्चर समितीचा अहवाल संसदेत मांडला गेला होता. बंगालची चौथाई लोकसंख्या मुस्लिम, पण सरकारी नोकऱ्यांत त्यांचा वाटा अगदी तुटपुंजा, हे त्यात आकड्यांनिशी आलं. दंगली होऊ दिल्या नाहीत हे डाव्यांचं श्रेय मोठं आणि खरं होतं. पण तीस वर्षांनंतर सुरक्षिततेसोबत लोक नोकरीही मागत होते. फेब्रुवारी २०१० मध्ये सरकारने मागास मुस्लिमांसाठी १० टक्के आरक्षण जाहीर केलं. तोवर वेळ निघून गेली होती.

सत्ता कोणत्या क्रमाने गेली

२०११ हा शेवटचा टप्पा होता. पहिला तडा मे २००८ च्या पंचायत निवडणुकीत गेला. १७ पैकी १३ जिल्हा परिषदा डाव्यांकडे राहिल्या, त्यामुळे वरवर विजयच दिसला. पण पूर्व मेदिनीपूर आणि दक्षिण २४ परगणा या दोन तृणमूलने घेतल्या. पैकी पूर्व मेदिनीपूर म्हणजे नंदीग्रामचा जिल्हा. मालदा आणि उत्तर दिनाजपूर काँग्रेसकडे गेले.

जिल्हा परिषद हातची गेली म्हणजे प्रत्यक्षात काय गेलं? विकासाचा निधी, कंत्राटं, लाभार्थ्यांच्या याद्या गेल्या. त्याहून महत्त्वाचं म्हणजे दुसरं दार उघडलं. आता पक्षावर रागावलेल्या माणसाला जायला जागा झाली, आणि तिथे गेल्याने घरकुल बुडत नाही हे शेजारच्या गावाने पाहिलं. एकाच दारावर उभ्या असलेल्या व्यवस्थेला याहून मोठा धोका नसतो.

दोन महिन्यांनी, जुलै २००८ मध्ये, अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्यांनी दिल्लीतल्या काँग्रेसप्रणीत संपुआ सरकारचा पाठिंबा काढला. सरकार टिकलं, पण काँग्रेसचे हात मोकळे झाले. तोवर दिल्लीत डाव्यांची गरज असल्यामुळे काँग्रेस बंगालमध्ये ममतांशी हातमिळवणी करायला कचरत होती. २००९ च्या लोकसभेला दोघं एकत्र आले. ४२ पैकी डाव्यांना १५, तृणमूलला १९, काँग्रेसला ६. आदल्या खेपेला डाव्यांच्या ३५ होत्या. २०१० मध्ये कोलकाता महापालिकेच्या १४१ पैकी ९५ जागा तृणमूलने जिंकल्या, डाव्यांना ३३. त्यानंतर नोकरशहा, पोलीस, ठेकेदार, गावातले क्लब सगळ्यांनीच वाऱ्याची दिशा ओळखली.

इथे एक प्रश्न नेहमी येतो: डावे बोगस मतदानावर जिंकायचे, निवडणूक आयोगाने ते बंद पाडलं म्हणून हरले, हे खरं का? बंगालीत 'सायंटिफिक रिगिंग' हा शब्द घरोघरी होता आणि यादीतली मृत माणसं, विरोधी एजंटाला बसू न देणं, या तक्रारी खोट्या नव्हत्या. पण २००६ ची निवडणूक आयोगाने पाच टप्प्यांत, केंद्रीय दलांच्या बंदोबस्तात, मतदार याद्या साफ करून घेतली. तरी डाव्यांना २३५ जागा मिळाल्या. कडक बंदोबस्ताने विरोधी मतदाराला धीर दिला, एवढं मान्य करावं. विरोधी मतदार मात्र सिंगूर-नंदीग्रामनंतर तयार झाला.

हरलेला पक्ष परत का उभा राहिला नाही

काँग्रेस महाराष्ट्रात १९९५ ला हरली आणि चार वर्षांनी, फुटूनही, राष्ट्रवादीबरोबर सत्तेत परतली. केरळमध्ये डावे अनेकदा हरून परत आले. बंगालमध्ये २०१४ च्या लोकसभेला माकपच्या दोन जागा आल्या, २०१६ च्या विधानसभेला काँग्रेसबरोबर लढूनही २६, २०१९ ला लोकसभेत शून्य आणि २०२१ ला विधानसभेतही शून्य. स्वातंत्र्यानंतर प्रथमच त्या सभागृहात एकही डावा आमदार नव्हता.

कारण पुन्हा त्या एकाच दारात आहे. गावातली कामं पक्षामार्फतच होतात ही सवय मोडली नाही, फक्त पक्ष बदलला. शालिशी तृणमूलच्या कचेरीत बसू लागली, यादी तिथे ठरू लागली, आणि जो कार्यकर्ता कामं करून देण्यासाठी लाल झेंड्याखाली होता तो तिकडे गेला. जे राहिले त्यांच्यावर हल्ले झाले, कचेऱ्या बळकावल्या गेल्या. २०१८ च्या पंचायत निवडणुकीत सुमारे ३४ टक्के जागा बिनविरोध गेल्या, कारण विरोधकांना अर्जच भरता आले नाहीत. संरक्षण शोधणारा डावा मतदार मग भाजपकडे वळला. विरोधात राहून जगण्याची तालीम केरळच्या पक्षाला दर पाच वर्षांनी मिळत होती. बंगालमध्ये ३४ वर्षांत एकदाही मिळाली नाही, आणि विरोधात कसं बसायचं हे ठाऊक असलेली पिढी तोवर संपली होती. १९७७ पासून तेवीस वर्षं मुख्यमंत्री राहिलेले ज्योती बसू जानेवारी २०१० मध्येच गेले होते.

सिंगूरचा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ३१ ऑगस्ट २०१६ ला निकाल आला: संपादन रद्द, जमीन शेतकऱ्यांना परत. कलम ५-अ खालच्या हरकती नीट ऐकल्याच गेल्या नाहीत, हा त्यातला एक मुख्य मुद्दा. दरम्यान १८९४ चा कायदाही गेला होता. १ जानेवारी २०१४ पासून लागू झालेल्या नव्या कायद्यात खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर ८० टक्के बाधित कुटुंबांची संमती लागते आणि बर्गादार, शेतमजूर यांचीही बाधित म्हणून गणना होते. सप्टेंबर २०१६ मध्ये सिंगूरला मोठा कार्यक्रम होऊन शेतकऱ्यांच्या हाती जमिनीचे पर्चे दिले गेले. पर्चा म्हणजे दप्तरातल्या नोंदीचा उतारा, आपल्या सातबाऱ्यासारखा. कारखान्याच्या शेड पाडल्या, पत्रे-लोखंड उचललं. पण पाया भरताना टाकलेला भराव आणि काँक्रीट मातीत खोलवर बसलं होतं, बांध पुसले गेले होते, नळकूप बुजले होते. काही भागात भात पुन्हा उभं राहिलं. काही भागात पर्चा हातात आहे आणि नांगर चालत नाही.